ई-पुस्तकातून पत्त्यांची जादू शिकताना : वाचन, गणित आणि दहा बोटं



आजचा पाठ जरा वेगळा आहे. विषय आहे पत्त्यांची जादू. तीही कोणा जादूगाराच्या हाताखाली नाही, तर पुस्तक वाचून शिकायची. त्यातही मोबाईलवर किंवा शाळेच्या संगणकावर उघडणारं ई-पुस्तक. प्राथमिक शाळेत हे कशाला, असं काहींना वाटेल. माझं म्हणणं असं की ‘वाचून कृती करणे’ हे कौशल्य शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला तरी अजून सापडलेलं नाही. रेसिपी वाचून पदार्थ बिघडला तर मुलं म्हणतात मीठ जास्त झालं. पत्त्याची सूचना चुकीची वाचली तर पान सापडतच नाही, आणि वाचनात नेमकं कुठे घसरलो ते लगेच कळतं.

पण आधी पालकांच्या शंकेचं बोलू, कारण ती खरी आहे.

पत्ता म्हटलं की आपल्या खानदेशात पहिली आठवते ती आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि पुरुषमंडळी ओट्यावर नाहीतर मळ्यात पत्ते घेऊन बसतात. वर्षभर जुगाराला नावं ठेवणारी घरंही त्या दिवशी डोळेझाक करतात. मराठीत तर ‘पत्ते कुटणे’ हा रिकामटेकडेपणाला दिलेला शब्दच आहे. तेव्हा वर्गात कॅट काढल्यावर एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी फाटकाशी अडवून विचारलं, “सर, पोरेस्ले पत्ता शिकाडतस का तुम्ही?” यात त्यांचं काही वावगं नाही. ज्या घरात बोंडाचे पैसे रमीत गेलेत, त्या घराला पत्त्याची भीती वाटणारच. आता तर ओट्यावर जायचीही गरज उरली नव्हती, मोबाईलमध्येच रमी आली होती. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तो उगीच नाही.

आजोबांना मी सांगितलं ते इथेही सांगतो. वर्गात पैसे नाहीत, पैज नाही, हार-जीत नाही. सुरुवातीचे सगळे खेळ तर पत्त्यांशिवायही होतात. जुन्या लग्नपत्रिका कापून १ ते २१ अंकांची कार्डं बनवा, तेच गणित, तीच गंमत. ज्या पालकांना पत्ता नकोच, त्यांच्या मुलांना मी अंककार्डंच देतो. बळजबरी नाही. आणि पत्ता म्हणजे फक्त जुगार असंही नाही. आपल्याच महाराष्ट्रात सावंतवाडीला गंजिफा म्हणून गोल, हाताने रंगवलेली, लाखेचं काम केलेली पानं बनतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा, अशी १२० पानं असतात. मुलांना त्याची चित्रं दाखवा, बारा दाहे किती ते आपोआप पाठ होतं.

पुस्तक कोणतं?

जादू ही विद्या आपल्याकडे पुस्तकाची नव्हतीच. बाजाराच्या दिवशी खेळ मांडणारा गारुडी ती बापाकडून शिकतो, लिहून कुठेच ठेवत नाही. रंगमंचावरच्या जादूतही घराणी असतात. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घरात मुलगा आणि नातू असा तो वारसा पुढे चालला. ज्याला असं घर किंवा गुरू मिळाला तो नशीबवान. भडगावसारख्या ठिकाणी, गिरणेच्या काठावर बसून, ही विद्या शिकायची तर पुस्तक हाच गुरू.

या क्षेत्रात एक पुस्तक फार नावाजलेलं आहे, ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’. अमेरिकेत शिकागोला १९०२ साली निघालं. लेखकाचं नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस असं छापलेलं आहे, पण तो माणूस खरा कोण यावर अजून वाद चालू आहेत. शंभरावर चित्रं आहेत. डाय व्हर्नन नावाचा विसाव्या शतकातला मोठा जादूगार आयुष्यभर या एका पुस्तकाचा अभ्यास करत राहिला. पुस्तक इतकं जुनं आहे की त्याचा स्वामित्वहक्क संपलाय, त्यामुळे ते इंटरनेटवर रीतसर मोफत मिळतं.

मात्र हे पुस्तक मुलांच्या हाती देऊ नका. त्याचा पहिला मोठा भाग जुगाराच्या टेबलावर पानं कशी लबाडीने लावतात याचा आहे, जादूचा भाग नंतर येतो. शिक्षकाने मात्र तो पहिला भाग जरूर वाचावा. समोरचा माणूस सगळ्यांसमोर पानं पिसतो आणि तरीही हवं ते पान हव्या जागी ठेवतो, हे एकदा समजलं की ‘आज नशीब खराब होतं’ म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते आपल्याला कळतं. सातवी-आठवीच्या मुलांना मी असतो तर यातलं थोडं करूनही दाखवलं असतं. माझे विद्यार्थी तिसरी-चौथीचे आहेत, त्यांच्यासाठी हे नाही.

शिकण्यासाठी जास्त सोयीचं पुस्तक म्हणजे जीन ह्युगार्ड आणि फ्रेडरिक ब्राउ यांचं ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’. १९४० च्या दशकाच्या शेवटचं. याची मांडणी शिक्षकाला आवडेल अशी आहे. आधी एक तंत्र, लगेच त्या तंत्रावर चालणारे खेळ, मग पुढचं तंत्र. पहिली दोन प्रकरणं फक्त पानं पिसण्यावर! आपण अध्ययन निष्पत्ती म्हणतो ना, प्रत्येक प्रकरणाला ती आहे. आणि गणिताचा अंग असलेले खेळ हवे असतील तर मार्टिन गार्डनर यांचं १९५६ चं ‘मॅथेमॅटिक्स, मॅजिक अँड मिस्टरी’.

इथे एक कडू गोष्ट बोलतो. पीडीएफ मिळाली म्हणजे पुस्तक फुकट झालं असं नसतं. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. हल्लीचे अनेक जादूगार एकेका खेळाचं वीस-पंचवीस पानांचं छोटं ई-पुस्तक स्वतः विकतात, त्यावरच त्यांचं पोट असतं. शिक्षकांच्या ग्रुपवर अशी पुस्तकं ‘उपयुक्त साहित्य’ म्हणून फिरतात. मुलांना कॉपी करू नका म्हणणाऱ्यांनी हे तरी पाळावं. जुनी, हक्क संपलेली पुस्तकं एवढी आहेत की एका आयुष्यात पुरून उरतील.

इंग्रजी सूचना मराठी बोटांत

आता खरी मेहनत. पुस्तक इंग्रजीत, आपलं इंग्रजी डी.एड.चं. घाबरायचं कारण नाही, कारण या पुस्तकांत शब्द मोजकेच आणि तेच तेच येतात. पन्नास-साठ शब्द कळले की गाडी चालते. पण ते शब्द शब्दकोशात शोधू नका. मोबाईलवरचं भाषांतर ‘हार्ट’चं हृदय, ‘क्लब’चं मंडळ आणि ‘स्पेड’चं फावडं करून ठेवतं. ‘डेक कट करा’ याचं ‘डेक कापा’ होतं. आपल्याकडे यासाठी उत्तम शब्द आहेतच की! बदाम, किलवर, इस्पिक, चौकट. एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी. पिसणे, वाटणे, काटणे. मुलं हे शब्द घरूनच घेऊन येतात. मी पहिल्या दिवशी फळ्यावर दोन रकाने केले, डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे ओट्यावरचा. उजवा रकाना मुलांनी भरला, मला फक्त लिहावं लागलं.

दोन मराठी शब्दांचं विशेष कौतुक वाटतं. पालथं आणि उताणं. पान पालथं म्हणजे आकडा खाली, उताणं म्हणजे आकडा वर. इंग्रजी पुस्तकाला यासाठी दोन-दोन शब्द लागतात, आपलं एकात भागतं. याउलट ‘उलटं कर’ हा शब्द वर्गात बंद करा. उलटं म्हणजे पालथ्याचं उताणं, की वरचं टोक खाली? एक मुलगा एक समजतो, दुसरा दुसरं. ‘वरचं पान’ याचंही तसंच. कॅटाच्या डोक्यावरचं, की बाकावर मांडलेल्या ओळींतल्या वरच्या ओळीतलं? मोठ्या माणसाला हे लक्षातही येत नाही. सूचना लिहायला बसलं की कळतं.

बोटांची नावं हा आणखी एक सापळा. ही पुस्तकं ‘फर्स्ट फिंगर’ म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ तर्जनी. अंगठा ते बोटांत मोजतच नाहीत. ‘सेकंड’ म्हणजे मधलं, ‘थर्ड’ म्हणजे अनामिका. आपली मुलं अंगठ्यापासून मोजतात, मग पहिलं बोट अंगठा, आणि पुढची सगळी पकड एका बोटाने सरकते. म्हणून वाचताना आकडा म्हणायचाच नाही, थेट नाव घ्यायचं. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. पाचही नावं येणारा मुलगा आज विरळाच. या निमित्ताने ती येतात.

ई-पुस्तकाची एक अडचण कोणी सांगत नाही. पत्त्याला दोन्ही हात लागतात, मग मोबाईल कोणी धरायचा? स्क्रीन विझते, बोट लागून पान पुढे सरकतं. यावर आमच्या वर्गात जो तोडगा निघाला, तोच पुढे मुख्य उपक्रम झाला. जोडी करायची. एक ‘वाचक’, दुसरा ‘हात’. वाचकाने फक्त वाचायचं, बोट दाखवायचं नाही, ‘असं नाही, तसं’ म्हणायचं नाही. हातांनी फक्त ऐकलं तेवढंच करायचं, मनाने काही घालायचं नाही. मजकूर अर्थात मी मराठीत उतरवून दिलेला, एका वेळी पाच ते सहा वाक्यं. दहा मिनिटांत वर्गात जो कल्लोळ होतो तो अनुभवण्यासारखा असतो. एरवी धडा वाचताना ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. इथे ‘हो’ म्हणून चालत नाही, पान निघावं लागतं. निपुण भारतमध्ये आपण आकलनासह वाचन म्हणतो, त्याची चाचणी घ्यायला वेगळा कागद लागत नाही.

मग दुसरा टप्पा, लेखनाचा. जिथे ‘हात’ अडखळले तिथे वाक्य बदलायचं. मूळ वाक्य होतं, ‘वरचं पान तळाला ठेव.’ एका मुलीने बदलून लिहिलं, ‘गठ्ठा पालथा धर. डोक्यावरचं एक पान अंगठ्याने सरकव. ते गठ्ठ्याच्या पोटाखाली घाल.’ पोटाखाली हा शब्द तिचा. मी तोच आता सगळ्यांना वापरायला लावतो.

नऊ पानांपासून सुरुवात

पहिला खेळ असा घ्यावा की ज्यात हातचलाखी शून्य. एकवीस पानांचा खेळ पुष्कळांना ठाऊक असतो, पण ‘असं का होतं’ हे क्वचित कोणाला ठाऊक असतं. म्हणून मी नऊ पानांनी सुरू करतो.

नऊ पानं उताणी वाटा, तीन उभ्या रांगांत. वाटताना डावीकडून उजवीकडे एकेक, मग त्याखाली परत एकेक. समोरच्याने मनात एक पान धरायचं आणि फक्त रांग सांगायची. ती रांग बाकीच्या दोघींच्या मध्ये ठेवून गठ्ठा गोळा करा. रांगेतली पानं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. परत तशीच वाटा, परत रांग विचारा, परत ती मध्ये. आता पान वरून पाचवं आहे. नेहमी.

का? मुलांना अंककार्डं देऊन शोधायला लावा. पहिल्यांदा रांग मध्ये गेली, म्हणजे पान चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या जागी. नऊ पानं तीन-तीनच्या आडव्या ओळींत वाटली की ४, ५, ६ ही तिन्ही पानं मधल्याच ओळीत पडतात. म्हणजे कोणतीही रांग सांगितली तरी पान त्या रांगेच्या मधोमध. रांग परत मध्ये गेली की वर तीन पानं, रांगेतलं पहिलं चौथं, आणि आपलं पाचवं. बस. एवढंच.

एकवीस पानांत तेच एक पाऊल जास्त. तीन रांगा, प्रत्येकी सात. पहिल्या फेरीनंतर पान ८ ते १४ यांपैकी कुठेतरी. परत वाटल्यावर ८ आणि ९ तिसऱ्या आडव्या ओळीत, १०-११-१२ चौथ्या, १३-१४ पाचव्या. म्हणजे रांगेत पान तिसरं, चौथं किंवा पाचवं. रांग मध्ये ठेवली की जागा १०, ११ किंवा १२. तिसऱ्यांदा वाटलं की हे तिन्ही चौथ्याच ओळीत, म्हणजे रांगेच्या मध्यावर. शेवटी पान अकरावं. पंधरा पानं घेतली तर? ते मुलांवर सोडा. आमच्याकडे उत्तर ‘आठवं’ असं ज्या मुलाने काढलं, तो पाढ्यांना कंटाळणारा आहे.

इथे तीनने भागणं आहे, मध्य काढणं आहे, क्रमवाचक संख्या आहेत. पाठ्यपुस्तकात हे सगळं वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेलं असतं.

मांडणीचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागातली एक अभिमानाची गोष्ट. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपण सहली नेतो, धबधबा आणि देऊळ दाखवतो. तिथे पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. आणि त्या भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचा भाग आहे, मांडण्यांच्या मोजणीचा. त्यात विचारलंय, शंकराच्या दहा हातांत दहा वेगवेगळ्या वस्तू आहेत, त्या अदलाबदल करून किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? आणि विष्णूच्या चार हातांत चार वस्तू असतील तर? उत्तरं ३६,२८,८०० आणि २४. चार पानं देऊन चोवीस मांडण्या चौथीची मुलं एका तासात काढतात, थोडी भांडत. मग विचारायचं, दहाच हातांत छत्तीस लाखांवर, तर बावन्न पानांच्या किती? तो आकडा ६८ अंकी आहे. ८ वर ६७ शून्यं, साधारण तेवढा. नीट पिसलेला कॅट हातात घेतलात तर नेमका हाच क्रम जगात आधी कोणाच्या हातात आलेला असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच.

पण ‘नीट पिसलेला’ म्हणजे किती वेळा? कॅटाचे दोन भाग करून टोकं एकमेकांत फर्रर्र करत मिसळायची जी पद्धत आहे, तिने साधारण सात वेळा पिसावं लागतं. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये हे मांडलं. यातले डायकोनिस आधी जादूगार होते! चौदाव्या वर्षी घर सोडून ते त्या व्हर्ननबरोबर खेळ करत फिरले, मग गणिताकडे वळले. आपण हातातल्या हातात पानं ओढत पिसतो त्या पद्धतीला मात्र सातपेक्षा कितीतरी पट जास्त फेऱ्या लागतात. ओट्यावर दोनदा झटपट पिसून ‘झालं’ म्हणतात, ते काही झालेलं नसतं.

हाताचं काम

हातचलाखीचं पहिलं तंत्र याच साध्या पिसण्यात दडलंय. पिसताना निरखून पाहा. डाव्या अंगठ्याने जे पान सर्वांत आधी ओढलं, ते नव्या गठ्ठ्याच्या तळाशी जातं. जे सर्वांत शेवटी पडतं, ते डोक्यावर. म्हणजे डोक्यावरचं एकच पान आधी ओढा, बाकीची त्यावर कशीही पडू द्या, ते पान पोटाखाली गेलं. परत पिसा, आणि शेवटचं पान एकटं पडेल असं बघा, ते पुन्हा डोक्यावर आलं. समोरच्याला वाटतं दोनदा पिसलं. पिसलंही, पण ते एक पान सोडून.

वाचायला चार ओळी, हाताला बसायला पंधरा दिवस. रोज दहा मिनिटं पुरतात, एकदम तास काढून उपयोग नाही. बाकावर पानं चिकटतात, उचलता येत नाहीत, म्हणून खाली गोधडी अंथरा. जादूगार महागडं मखमली कापड वापरतात, आपली गोधडी काही कमी नाही. लहान हातांसाठी पानं थोडी अरुंद घ्यावीत. दोन आकार मिळतात, एक साधारण ६३ मिलिमीटर रुंद आणि दुसरा ५७. चौथीच्या हाताला ५७ बरा.

व्हिडिओ का नको, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नको असं नाही. पण व्हिडिओ पाहणारं मूल हात बघतं, वेग बघतं आणि नक्कल करतं. समोरचा माणूस आरशासारखा असल्याने डावं-उजवंही उलटतं. पुस्तक वाचणाऱ्याला आधी मनात हात उभा करावा लागतो. मी क्रम असा ठेवतो की आधी मजकूर, मग प्रयत्न, मग अडलं तर एकदा व्हिडिओ. उलट क्रमाने गेलं की पुस्तक कोणी उघडतच नाही.

या पिसण्यासोबत ‘खुणेचं पान’ जोडलं की पहिला खरा खेळ तयार होतो. तळाचं पान गुपचूप बघून ठेवायचं, समजा इस्पिकची सत्ती. समोरच्याने कोणतंही पान काढून पाहावं आणि डोक्यावर ठेवावं. गठ्ठा काटायचा आणि खालचा भाग वर ठेवायचा. आता सत्तीच्या लगेच खाली त्याचं पान. परत काटा, हवं तितक्या वेळा काटा, जोडी तुटत नाही. पानं एकेक उताणी टाकत जायची, सत्तीनंतर येईल ते पान त्याचं. एक मुलगा म्हणाला, “सर, पण काटताना नेमकं त्या दोघांच्या मध्येच काटलं तर?” छान प्रश्न. तेव्हा सत्ती तळाला आणि त्याचं पान पहिलं. गठ्ठा म्हणजे घड्याळ आहे, बारानंतर एकच येतो. हे त्याला घड्याळ काढून दाखवल्यावर पटलं.

गुपित सांगायचं का?

यावर आमच्या शिक्षक खोलीत दोन पक्ष आहेत. जादूगारांचा नियम, गुपित फोडायचं नाही. शिक्षकाचा धर्म, लपवायचं नाही. मी वर्गात सांगतो, पण लगेच नाही. आधी आठ दिवस मुलांनी तर्क लिहायचे. ‘सरांनी पान मोजलं’, ‘पानावर खूण आहे’, ‘सरांना मंत्र येतो’. मग एकेक तर्क तपासायचा. खूण असेल तर दुसरा कॅट आणा. मंत्र असेल तर सरांचं तोंड बंद ठेवा. शेवटी तळाच्या पानावर गाडी येते. ज्या मुलाला स्वतः सापडलं, त्याच्याकडून पुस्तकातला तो परिच्छेद वाचून घ्यायचा.

इथपर्यंत आल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे सर, अंगात आल्यावर नाव ओळखणारा बाबा पण आधी खालचं पान बघून ठेवत असेल?” मी तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. विचारलं, “कसं तपासशील?” ती म्हणाली, “आधी कोणाशी बोलला ते बघीन.”

जादूची पुस्तकं आणि हा प्रश्न यांचं नातं फार जुनं आहे. १५८४ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या माणसाने एक ग्रंथ लिहिला. चेटकीण म्हणून ज्यांना शिक्षा होतात त्या गरीब, असहाय बायका आहेत, चेटूक वगैरे काही नाही, हे त्याचं म्हणणं. ते पटवायला त्याने नाणी, पत्ते, गोळे यांच्या हातचलाख्या कशा होतात ते उघड लिहिलं. इंग्रजीत हातचलाखी छापून समजावणारा हा अगदी सुरुवातीचा मजकूर. तो लोकांना रिझवण्यासाठी लिहिलेला नव्हता, बाया वाचाव्यात म्हणून लिहिलेला होता. आपल्याकडे सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला छळल्याची प्रकरणं आपण वर्तमानपत्रात वाचतोच. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळांतून चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागचं कारण सांगतात, तीही स्कॉटचीच वाट. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसा काढणं हा त्यात गुन्हा आहे.

म्हणून वर्गात एक वाक्य मी प्रत्येक खेळाआधी म्हणायला लावतो. ‘ही हातचलाखी आहे.’ खेळ दाखवणाऱ्या मुलाने तेच म्हणायचं, घरीही. गंमत अशी की हे आधीच सांगितल्याने मजा कमी होत नाही. उलट बघणारे जास्त डोळे लावून बसतात. मात्र लहान भावंडाला घाबरवायला, कोणाचे पैसे जिंकायला, किंवा ‘मला देवीने सांगितलं’ म्हणायला हे वापरलं की त्या मुलाचा कॅट महिनाभर कपाटात.

ज्यांना सुरू करायचं आहे त्यांनी एवढं करा. पहिल्या आठवड्यात फक्त शब्दांचे दोन रकाने आणि नऊ पानं. दुसऱ्यात वाचक-हात जोड्या. तिसऱ्यात एकवीस पानं आणि मुलांनी स्वतः लिहिलेल्या सूचना. हातचलाखी त्यानंतर, तीही आवड दिसेल त्यालाच. सूचना अहिराणीत लिहिल्या तरी चालतील, आमच्याकडच्या तीन वह्या तशाच आहेत आणि त्या सगळ्यांत नेमक्या आहेत.

तास संपला की पानं मोजून घ्या, मोजणी मुलांकडूनच, चार रंगांचे चार गट करून, तेरा-तेरा. कमी भरली तर लगेच कळतं कोणत्या रंगाचं कुठलं पान गेलं. आमच्या एका कॅटात चौकटची नव्वी नाही, ती दप्तरातून कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. एकवीस पानांच्या खेळाला त्याने काही अडत नाही, म्हणून तो कॅट अजून चालू आहे.